एंटर नसलेला कीबोर्ड

अंबडला कोर्टाच्या मागच्या गल्लीत साळवे सरांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर होतं. तिथं तीन संगणक होते आणि तिन्हींच्या कीबोर्डावर एंटरचं बटण नव्हतं. जिथं ते असायला हवं तिथं एक चौकोनी खड्डा होता आणि त्यात धूळ साचलेली असायची. आकड्यांच्या बाजूला जे दुसरं छोटं एंटर असतं, तेही नव्हतं. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, "सर, बटण तुटलं का?"

"न्हाई. काढलंय," सर म्हणायचे आणि माउस सरकवायला लागायचे.

त्यापुढं कुणी विचारत नसे. सरांचा चेहरा तसा होता. उंच, काळे, गालफडं बसलेली, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. हळू बोलायचे, पण त्यांनी "न्हाई" म्हटलं की विषय संपायचा.

मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. सेंटरच्या आधी त्याच जागेत त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. पत्र्याच्या खोलीत बारा मशिनी होत्या आणि दुपारी त्या एकदम चालू झाल्या की गल्लीत बोलणं ऐकू यायचं नाही. आमच्या वयाच्या कितीतरी मुली, माझ्या बौद्धवाड्यातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या, त्या खोलीतून बाहेर पडून तहसील, कोर्ट, शाळा अशा ठिकाणी कारकून झाल्या. सर अक्षरांवर फडकं टाकायचे आणि आमच्या मागून फिरायचे. "डोळे कागदावर ठेवा. बोटांला रस्ता माहीत असतो." ओळ संपली की डाव्या हातानं दांडा ढकलायचा, गाडी करकरत परत यायची. हा आवाज त्यांना फार प्रिय होता. कुणी ओळीच्या शेवटी रेंगाळलं की म्हणायचे, "ओळ संपली ना? मंग सोडून दे. मागं काय बघतीस?"

चूक झाली तर ओरडत नसत. टेबलाच्या खणातून नवा कागद काढून पुढं ठेवायचे आणि म्हणायचे, "कागदाला दुसरा कागद असतो."

पुढं मशिनींच्या परीक्षा बंद पडल्या. मशिनी भंगारात गेल्या आणि सरांनी पन्नाशी उलटल्यावर संगणक घेतले. तोपर्यंत मी संगणकाचं शिकून संभाजीनगरला एका कंपनीत लागले होते. कॉलेजांच्या वेबसाइट बनवायचं काम होतं. सुट्टीत आले की मी सरांना शिकवायची. आठवतं, पहिल्या दिवशी त्यांनी कीबोर्डावर हात ठेवला, एक ओळ सपासप टाइप केली आणि डावा हात हवेत दांडा शोधत राहिला. मी हसले आणि म्हणाले, "सर, आता दांडा न्हाई. त्याच्या जागी हे एंटर. उजव्या करंगळीनं दाबायचं."

त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. आठ दिवसांत त्यांच्या करंगळीला ते असं बसलं की काहीही लिहून झालं की टक् असा आवाज यायचाच. नाव लिहिलं, टक्. गाव लिहिलं, टक्. हे त्यांना मी शिकवलं होतं. ते त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही.

मीरा शिंगाडेची गोष्ट मला सरांनीच सांगितली. एकदा नाही, पुष्कळदा, आणि प्रत्येक वेळी अगदी सुरुवातीपासून.

शहागडच्या अलीकडं एका वस्तीवर शिंगाड्यांची चार-पाच घरं आहेत. मेंढरं राखणारी माणसं. त्यातल्या बाबुराव शिंगाड्यांची मीरा बारावीला सायन्स घेऊन चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. तिचा फॉर्म सरांनीच भरला होता. त्या दिवशी फक्त कॉलेजांचा क्रम लावून अर्ज कायमचा पाठवायचा होता. शेवटची तारीख होती, वेळ पाच वाजेपर्यंत. मेंढरं भावाच्या हवाली करून बाबुराव लेकीबरोबर आले होते. ते बाहेर बाकड्यावर बसले. मीरा सरांच्या शेजारी बसली आणि पडद्यावरचं प्रत्येक अक्षर वाचत राहिली. एका कॉलेजच्या नावात सरांकडून एक अक्षर चुकलं, ते तिनं दाखवलं. सरांना बरं वाटलं. म्हणाले, "टायपिंग शिकली असतीस तर माझं नाव काढलं असतंस."

चार वाजून गेले होते. एका दाखल्याची झेरॉक्स राहिली होती म्हणून मीरा शेजारच्या दुकानात गेली. सरांनी विचार केला, तोवर अर्ज पाठवून देऊ.

त्या पानावर तीन बटणं होती. 'जतन करा', 'अंतिम सादर करा' आणि अगदी कडेला, बारीक अक्षरांत, 'अर्ज मागे घ्या'. खाली चित्रातली वेडीवाकडी अक्षरं बघून चौकटीत लिहायची होती. सरांनी ती लिहिली. आणि करंगळी पडली, टक्. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, नक्की का? अर्ज पाठवताना असा प्रश्न येतोच. पुन्हा टक्.

मग हिरव्या अक्षरांत एक ओळ आली. सरांनी ती वाचली. आनंदाची बातमी असावी तशी ती हिरवी होती, म्हणून त्यांना अर्थ लागायला वेळ लागला. मीराचा अर्ज तिच्या इच्छेनुसार मागे घेण्यात आला होता.

सरांनी पान मागं नेलं. पुन्हा उघडलं. नवा अर्ज नोंदवायची मुदत आधीच सरली होती, पाचपर्यंत फक्त भरलेले अर्ज पाठवता येत होते. मदतीचा म्हणून जो नंबर दिला होता तो लावला, नुसती घंटी वाजत राहिली. तेवढ्यात मीरा झेरॉक्स घेऊन दारात आली.

"झालं का, सर?"

"झालं," सर म्हणाले.

हा शब्द कुठून आला ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला सांगताना ते इथं थांबायचे आणि माझ्याकडं असे बघायचे, जसं काही मला ते माहीत असेल. "वैशाली, मी खोटं बोलणारा माणूस न्हाई गं. तुला माहिती आहे. ते तोंडातून गेलं. आणि मंग तिचा चेहरा बघितल्यावर मला ते परत घेता आलं न्हाई."

बाप-लेक हसत उठले. बाबुरावांनी सरांचे दोन्ही हात धरले. पाचच्या बसनं ती दोघं गेली.

पुढचे तीन दिवस सर धावत होते. जालन्याला गेले, तिथून संभाजीनगरला प्रवेशाचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी पडद्यावर बघून सांगितलं, "विद्यार्थिनीनं स्वतः मागं घेतलाय. आम्हाला तसंच दिसतं." सरांनी सगळं समजावलं. बाई चांगल्या होत्या, ऐकून घेतलं, पाणी दिलं. पण पडद्यावर तसंच दिसत होतं.

शांतामावशी, सरांच्या पत्नी, त्यांना म्हणाल्या, "सांगून टाका ना सर्वर बंद पडलं व्हतं. समद्यांचंच पडतं. कोण विचारतंय?"

"सर्वर चालू व्हतं," सर म्हणाले, आणि चौथ्या दिवशी वस्तीवर गेले.

तो प्रसंग त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनीच सांगितला. बाबुराव वाघरीच्या जाळीआड कोकरं कोंडत होते. सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. बाबुरावांनी हातातलं कोकरू आत सोडलं. मग म्हणाले, "चुकलं तर चुकलं, सर. माणूसच हाय. मेंढरू भी हुकतं कव्हा कव्हा. बसा, च्या घ्या." सरांना कुणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याऐवजी बाजेवर घोंगडी अंथरली गेली.

मीरा दारात उभी होती. तिनं एकच गोष्ट विचारली.

"मी 'झालं का' म्हनून विचारलं, तव्हा तुमाला माहीत व्हतं?"

"व्हतं," सर म्हणाले.

ती आत गेली. चहा तिच्या आईनं आणून दिला.

परत आल्यावर सरांनी स्क्रू-ड्रायव्हरनं तिन्ही कीबोर्डांची एंटरं उपटली. खालचं रबरसुद्धा काढून टाकलं. कोपऱ्यात एक जुना संगणक होता, त्याला इंटरनेट नव्हतं, नुसती प्रतिज्ञापत्रं टाइप व्हायची. तेवढ्यावर एंटर राहिलं. त्यावर बसले तरी सर ओळीच्या शेवटी थबकायचे. ज्यासाठी आम्हाला टोकायचे तसेच रेंगाळायचे.

त्या दिवाळीत मी घरी आले तेव्हा मावशींनी मला बाजूला घेतलं. "ह्यांला सांग काहीतरी. जेवताना मधीच थांबून राह्यले. हाताची मूठ करून बसतात." मी बघितलं तर खरंच, सर चालताना उजवी करंगळी तळहातात दुमडून घेत होते, लहान मूल हातात काही लपवतं तशी.

मी तसलं पान उघडून त्याच्या मागचा मजकूर, म्हणजे ज्या कोडवरून ते पान बनतं तो, तपासला. हे माझंच काम. एका फॉर्मात पाठवायची दोन-तीन बटणं असली आणि लिहिता लिहिता एंटर दाबलं, तर ब्राउझर त्यातलं पहिलं बटण दाबल्याचं धरतो. डोळ्याला पहिलं दिसतं ते नाही, मागच्या मजकुरात जे पहिलं लिहिलेलं असतं ते. त्या पानावर 'अर्ज मागे घ्या' हे कडेला, शेवटी दिसत होतं, पण बनवणाऱ्यानं ते मजकुरात सगळ्यात आधी लिहिलं होतं. सरांनी कुठलंच चुकीचं बटण दाबलं नव्हतं. चूक ज्यानं कुणी तो फॉर्म बनवला त्याची होती.

मला वाटलं, आता सर सुटतील. मी त्यांना पडद्यावर एक-एक ओळ दाखवली. त्यांनी चष्मा पुसून सगळं नीट समजून घेतलं, दोन प्रश्नही विचारले. प्रश्न बरोबर होते.

"म्हंजे बटण त्यांचं चुकलं."

"हो, सर. तुमचं काहीच न्हाई."

"बरं," सर म्हणाले. "आणि 'झालं' कोण म्हटलं?"

मी पडद्यावरचं पान बंद केलं. संभाजीनगरला परत गेल्यावर मी बनवलेले जुने फॉर्म एकेक करून उघडले. दोन ठिकाणी 'रद्द करा' हे मीही सगळ्यात आधी लिहिलेलं होतं. ते मी त्याच आठवड्यात बदललं. त्याआधी त्या फॉर्मांमुळं कुणाचं काय झालं असेल, ते शोधायचा काही मार्ग नव्हता. सरांना हे मी कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मीरानं पुन्हा अर्ज केला. दुसऱ्या सेंटरवरून. पण त्या वर्षी त्या कोर्सला प्रवेश परीक्षा लागली. सर पुस्तकं घेऊन वस्तीवर गेले होते. तिनं ती घेतली, पण बाहेर आली नाही. परीक्षेत ती थोडक्यात राहिली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, घनसावंगीकडं. सरांना पत्रिका आली होती. ते गेले, मंडपाच्या कडेला उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परतले.

तेव्हापासून सेंटरची तऱ्हाच बदलली. सरांनी एक जाड वही केली. ज्या ज्या फॉर्मशी काम पडायचं त्याचं पान ते पट्टीनं आखून त्यात काढायचे. कुठलं बटण कुठं, दाबल्यावर काय होतं. ज्यातून परत फिरता येत नाही ते लाल शाईनं. फॉर्म बदलला की नवं चित्र काढायचे. आणि गिऱ्हाईक कुणीही असो, शेवटच्या पानावर आलं की सर दोन्ही हात मांडीवर ठेवून एकेक बटण मोठ्यानं वाचून दाखवायचे. "हे जतन करायचं. हे रद्द करायचं. हे पाठवायचं, ह्याच्यानंतर मागं येता येत न्हाई. बोला. दाबू?"

माणसं वैतागायची. एकदा बदलीचा फॉर्म भरायला एक गुरुजी आले होते, मोटारसायकल दारात चालूच ठेवलेली. मी तेव्हा तिथंच होते. सरांनी तीन बटणं वाचली. गुरुजी म्हणाले, "सर, मी रोज पोरांला वाचायला शिकवतो. दाबा ना पटकन."

"तुमी हो म्हणा, मंग दाबतो."

"हो म्हटलं ना."

"कशाला हो म्हटलं ते सांगा."

गुरुजी चिडून उठले, गल्लीच्या तोंडाच्या दुसऱ्या सेंटरवर गेले. अर्ध्या तासानं परत आले. तिथं त्यांच्या पसंतीच्या गावांऐवजी 'बदली नको' असं जाणार होतं, आयत्या वेळी त्यांनीच पाहिलं म्हणून वाचले. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वाचा सर. पहिल्यापासून वाचा." सर हसले नाहीत. पहिल्यापासून वाचलं.

कुणीतरी त्यांना सुचवलं होतं, शेवटचं बटण गिऱ्हाइकालाच दाबायला लावा, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही. सर म्हणाले, "येऊ द्या माझ्यावर. त्यांच्या बोटावर कशाला ढकलू?" आणि काम पूर्ण झालं, पावती हातात पडली, तरी कुणी "झालं का सर?" म्हणून विचारलं की ते "झालं" म्हणायचे नाहीत. पावती पुढं करून म्हणायचे, "तुमी वाचा." 'झालं' हा शब्द त्यांनी घरातही टाकून दिला होता. जेवण झालं का विचारलं तर म्हणायचे, "जेवलो."

मागच्या वर्षी सरांच्या छातीत दुखायला लागलं. अंबडच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. मी कळल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. वॉर्डात आठ-दहा खाटा, सर खिडकीजवळच्या खाटेवर. हाताला सलाईन लावलेलं. मावशी डबा धुवायला गेल्या होत्या. सर फार बारीक झाले होते. मी बसले, इकडचं तिकडचं बोलले. ते डोळे मिटून ऐकत होते.

तेवढ्यात दारातून आशा सेविकेची गुलाबी साडी नेसलेली एक बाई आत आली. हातात मोठं रजिस्टर. गावातली बाळंतीण घेऊन आली होती, कुठली तरी सही घ्यायला नर्सला शोधत होती. खाटांच्या मधून जाताना ती सरांच्या पायथ्याशी थांबली. वरची बाटली बघितली. ती रिकामी होत आली होती आणि नळीत रक्त चढायला लागलं होतं. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं पुढं होऊन चिमटा बंद केला, सरांचा हात सरळ केला आणि मग तोंडाकडं बघितलं.

"सर?"

सरांनी डोळे उघडले. त्यांनी तिला लगेच ओळखलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण सरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"मीरा," ते म्हणाले. मग उशीवरून मान उचलली. "तुला माझा राग आला असंल."

मला वाटलं ती म्हणेल, सर, जाऊ द्या, जुनं झालं. आम्ही सगळे त्यांना हेच सांगत आलो होतो, मी, मावशी, तिचे वडील. ती रजिस्टर छातीशी धरून उभी राहिली.

"लई आल्ता," ती म्हणाली. "फॉर्म हुकला त्याचा न्हाई. बसमधी बाबांनी समद्यांला सांगितलं, पोरगी नर्स होनार म्हनून. डायवरला भी सांगितलं. मी खिडकीपाशी बसून ऐकत व्हते. चार दिवस मी बी तसंच धरून चालले व्हते. ते चार दिवस तुमी दिले न्हाई पायजे व्हते, सर."

"आता?" सर म्हणाले.

"आता कमी झालाय. गेला न्हाई."

सरांनी मान हलवली. शिक्षक बरोबर उत्तर ऐकल्यावर हलवतो तशी. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. मीरानं पायाशी गोळा झालेली चादर ओढून त्यांच्या गुडघ्यांवर घातली आणि म्हणाली, "बाटली बदलायला सांगते." ती गेली.

मी सरांचा हात धरायला गेले. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला खुणावलं. बाहेर व्हरांड्यात मीराचा आवाज येत होता. ती कुणाला तरी जरा चढ्या आवाजात विचारत होती, खिडकीजवळच्या पेशंटकडं सकाळपासून कोण बघून राह्यलंय, नळीत रक्त चढलं तरी कुणाचं ध्यान न्हाई, त्यांचे कागद कुठं आहेत. समोरून काहीतरी उत्तर आलं. तिनं ते मानलं नाही, पुन्हा विचारलं.

सर त्यानंतर आठ दिवसांनी गेले. मी तेव्हा संभाजीनगरला होते. मला ते दिसतात ते त्या दुपारचे. एका कोपरावर भार देऊन अर्धवट उठलेले, मान दाराकडं वळवलेली, आणि व्हरांड्यातलं ते भांडण शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत असलेले.